होंडा सिटी १.५ व्हीटेक (पहिली पिढी): आज जुनी घ्यायची तर काय बघावं

भारतातल्या पहिल्या पिढीतली होंडा सिटी १.५ व्हीटेक आज घ्यावी का, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. गिअरबॉक्स शाबूत असेल, टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल असेल आणि मागच्या चाकांवरचा पत्रा सडलेला नसेल, तर जरूर घ्यावी. यातलं एक जरी अडलं तर मालक किंमत कितीही खाली आणो, नाद सोडावा. बाकीचं सगळं दुरुस्त होतं. वेळ लागतो, पण होतं.

ज्यांची विशी २००० च्या आगेमागे गेली त्यांना ही गाडी समजावून सांगावी लागत नाही. स्वतःची नसली तरी कुणा मित्राच्या वडिलांची असायची, आणि रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत एक फेरी मारायला मिळाली तरी ती पुढचे कित्येक महिने बोलण्यात यायची. त्याच सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत होता आणि २००२ मध्ये तो पूर्ण झाला. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० चालवून हात बसलेल्या लोकांना असा रस्ता आणि अशी गाडी एकदमच मिळाली. आज पंचेचाळिशीच्या घरात आल्यावर तसली एक गाडी पुन्हा दारात असावी असं वाटणाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांबद्दल आठवणीत जे आहे ते सगळं खरं आहे. ब्रेक, आवाज आणि सुरक्षितता यांच्या बाबतीत मात्र आठवण फार उदार असते.

होंडा सिएलने सिटी १९९८ च्या सुरुवातीला भारतात आणली, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. सुरुवातीला १.३ आणि १.५ अशी दोन इंजिनं होती. पुढे चेहरा बदलला आणि १०६ अश्वशक्तीचं व्हीटेक आलं, म्हणजे आरपीएमनुसार व्हॉल्व्ह उघडण्याची रीत बदलणारं इंजिन. १४९३ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एकच कॅमशाफ्ट, पाच गिअर, आणि वजन टनाच्या आसपास. शून्य ते शंभर साधारण १० ते ११ सेकंदांत. आज हे आकडे कुणाला विशेष वाटणार नाहीत, पण तेव्हा या पैशात याच्या जवळ जाणाऱ्या गाड्या मोजक्याच होत्या: फोर्ड आयकॉन १.६, मारुती बलेनो, फियाट पॅलिओ १.६. आयकॉनला खालून जोर जास्त होता, पॅलिओ रस्त्याला जास्त घट्ट बसायची, पण वरच्या आरपीएमला सिटीसारखं मोकळं धावणारं इंजिन यांच्यात दुसरं नव्हतं. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीचं आयडीएसआय इंजिन घेऊन. जागा वाढली, ॲव्हरेज वाढलं, आणि जुन्या व्हीटेकची मागणी सेकंड हँड बाजारात तिथूनच टिकून राहिली.

इंजिन: व्हीटेक नेमकं काय करतं

ज्याला सगळे ‘व्हीटेकची किक’ म्हणतात ती कुठून येते हे कळलं की गाडी तपासणंही सोपं जातं. प्रत्येक सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्व्हसाठी तीन रॉकर आर्म (कॅमच्या उंचवट्याने हलून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या) असतात. खालच्या आरपीएमला कडेचे दोन आपापल्या कॅमवर चालतात. मधला रॉकर उंच कॅमवर नाचत असतो, पण तो कुठल्याच व्हॉल्व्हला जोडलेला नसतो. साधारण ५००० च्या अलीकडे-पलीकडे कॉम्प्युटर एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) उघडतो, ऑइलचा दाब रॉकरच्या आतल्या पिना सरकवतो आणि तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात. आता दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह उंच कॅमनुसार जास्त उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात. आवाज बदलतो तो याच क्षणी, इनटेकमधून. दुसऱ्या गिअरमध्ये हा बदल ताशी सत्तरच्या आसपास येतो, म्हणजे तो अनुभवायला बेफाम वेगाची गरज नाही.

या रचनेत सगळा भार ऑइलवर आहे. ऑइल कमी असेल, जाड असेल किंवा घाण झालेलं असेल तर पिना वेळेवर सरकत नाहीत. सोलेनॉइडच्या बुडाशी बारीक जाळी असलेली गॅस्केट असते. ती कार्बनने बुजली की दाब पोचत नाही, आणि तिचं रबर कडक झालं की हेडच्या बाजूने ऑइल पाझरतं. मालक म्हणतो ‘जरासं ऑइल लागतं’, आणि ते बहुतेकदा इथूनच जात असतं. सोलेनॉइड काढून गॅस्केट बदलणं अर्ध्या तासाचं काम. इंजिन पूर्ण गरम होण्याआधी व्हीटेक मुद्दाम लागू दिलं जात नाही, त्यामुळे थंड गाडीवर चाचणी घेऊन ‘व्हीटेक गेलंय’ असं ठरवू नये. चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर होंडाच्या त्या काळच्या पद्धतीत कोड २१ म्हणजे सोलेनॉइडची बाजू आणि २२ म्हणजे ऑइल प्रेशर स्विचची बाजू. बावीस आला तर आधी डिपस्टिक बघावी, मगच स्विच विकत घ्यावा.

ऑइल १०डब्ल्यू-३० वापरावं, दर ५००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलावं. ‘जुनी गाडी आहे, जाड ऑइल टाका’ हा सल्ला या इंजिनाला मानवत नाही.

गिअरबॉक्स: गाडीचा जीव इथे आहे

या गाडीची गोडी इंजिनापेक्षाही गिअर लिव्हरमध्ये जास्त आहे, असं आमचं ठाम मत आहे. लिव्हर आखूड, हालचाल थोडी, आणि मनगटाच्या झटक्यात दुसऱ्यातून तिसरा पडतो. ॲक्सिलरेटरला सरळ केबल आहे, मध्ये कुठलीही इलेक्ट्रॉनिक मोटर नाही. पाय हलला की त्याच क्षणी इंजिन वर येतं आणि पाय उचलला की खाली येतं. आजच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांमध्ये प्रदूषणाच्या नियमांसाठी पाय उचलल्यावरही आरपीएम क्षणभर लटकून राहतात. गिअर बदलताना त्या लटकण्याने लय मोडते. जुन्या सिटीत तसं काही नाही, आणि म्हणून खालचा गिअर टाकताना रेस मारणं इथे शिकावं तसं कुठेच शिकता येत नाही.

तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिनाला साधारण दीडपट आरपीएम लागतात. तिसऱ्यात ३००० असतील तर दुसऱ्यात साडेचार हजार. तेव्हा वळणाच्या अलीकडे ब्रेकवर वेग उतरवायचा, क्लच दाबायचा, लिव्हर न्यूट्रलमधून जाताना ॲक्सिलरेटरला छोटा ठोका द्यायचा, दुसरा टाकायचा आणि क्लच सोडायचा. ठोका बरोबर बसला तर गाडीला हिसका बसत नाही, क्लच प्लेट आणि सिंक्रो (गिअर जुळताना वेग सारखा करणारी रिंग) दोन्ही वाचतात. ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाच्या उजव्या कडेने ठोका देता येतो. दोन पेडलांमधलं अंतर त्याला सोयीचं आहे. फक्त पातळ तळव्याचे बूट हवेत. आधी मोकळ्या मैदानात सराव करावा, कारण सुरुवातीला ब्रेकवरचा दाब हमखास कमीजास्त होतो.

आता बिघाड. सगळ्यात आधी जातो तो दुसऱ्या गिअरचा सिंक्रो. तपासण्याची रीत अशी: गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी पहिल्यांदा चालू करून पहिल्यातून दुसरा टाका. थंड असताना थोडा अडला आणि पाच मिनिटांत मोकळा झाला तर बहुतेक वेळा दोष ऑइलचा असतो. गरम झाल्यावर, ५००० आरपीएमच्या वर चटकन दुसरा टाकताना ‘कर्र’ झालं, किंवा चाळीसच्या वेगात तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना वाजला, तर सिंक्रो झिजला आहे. तो बदलायला गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. आतले सुटे भाग नवे मिळतीलच याची खात्री नसते, आणि भंगारातून आणलेल्या गिअरबॉक्सचा सिंक्रोही तितकाच जुना असतो. म्हणून ही खूण दिसली की गाडी सोडावी असं आम्ही वर म्हटलं.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येतो तर रिलीज बेअरिंग. ते क्लचबरोबर बदलून जातं, त्याची चिंता नको. लिव्हर हातात ढिला लागतो, गिअर कुठे आहे ते शोधावं लागतं, तर गाडीखालच्या लिंकेजचे बुश झिजलेत. स्वस्तातली दुरुस्ती आहे आणि झाल्यावर गाडी दहा वर्षांनी तरुण वाटते.

गिअरबॉक्समध्ये होंडाचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास ऑइलच टाकावं, दोन लिटरच्या आत लागतं. अनेक गॅरेजांत सवयीने जाड ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं जातं. ते या सिंक्रोंच्या रिंगांना नीट पकड घेऊ देत नाही आणि थंडीत गिअर दगडासारखे होतात. बदलताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा आणि मगच खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल सोडा; वरचा बोल्ट जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावं लागेल. गाडी सपाट जागी ठेवून भरायच्या भोकातून ऑइल वाहू लागेपर्यंत भरायचं. दोन्ही बोल्टांचे वॉशर नवे. पूर्वी कुठलं ऑइल होतं ते माहीत नसेल तर हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा बदलावं.

टायमिंग बेल्ट, टॅपेट आणि बाकीचं

या इंजिनाला साखळी नाही, पट्टा आहे, आणि पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. साधारण एक लाख किलोमीटर ही मर्यादा सांगितली जाते, पण वीस वर्षांवरच्या गाडीत किलोमीटरपेक्षा रबराचं वय महत्त्वाचं. मालकाने ‘गेल्या वर्षीच केलाय’ असं तोंडी सांगितलं तर नाही असंच समजावं. बिल असलं पण ते जुनं असेल तर गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप, कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टचे ऑइल सील एकदमच बदलून टाकावेत. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरतो. तो जुना ठेवला आणि सहा महिन्यांनी गळला तर सगळी मजुरी पुन्हा.

हे काम देताना मेकॅनिकला दोन गोष्टी विचाराव्यात. हे होंडा इंजिन इतर बहुतेक गाड्यांच्या उलट, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतं, हे त्याला माहीत आहे का? पट्टा चढवल्यावर टेन्शनरचा बोल्ट सैल करून क्रँक त्याच दिशेने कॅम पुलीच्या तीन दात्यांइतका फिरवायचा आणि मगच बोल्ट कसायचा असतो. दुसऱ्या दिशेने फिरवला तर ढील चुकीच्या बाजूला जमा होते, पट्टा सैल बसतो आणि थंड असताना फडफडतो. दुसरा प्रश्न क्रँक पुलीच्या बोल्टबद्दल. तो भयंकर घट्ट असतो. पुली पकडायचं षटकोनी हत्यार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावं. छिन्नी-हातोड्याने पुली अडवून खोलणाऱ्याने कित्येक पुल्यांचे काठ फोडलेले आहेत.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर (टॅपेट) हाताने सेट करावं लागतं, हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी गाडी. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. पहिला सिलिंडर वर आणून त्याचे चार व्हॉल्व्ह, मग क्रँक अर्धा फेरा फिरवून तिसरा, मग चौथा, मग दुसरा. झाकण उघडलेलंच आहे तर प्रत्येक सिलिंडरचा मधला रॉकर बोटाने दाबून बघावा. तो कडेच्या दोघांपासून वेगळा, स्प्रिंगवर दाबल्यासारखा खाली जायला हवा आणि सोडल्यावर परत यायला हवा. एखादा अडकून बसला असेल तर त्या सिलिंडरची व्हीटेक पिन जाम आहे. शोरूमच्या चकचकीत तपासणी यादीत ही ओळ क्वचितच असते, पण या गाडीत पाच मिनिटांची ही तपासणी फार काही सांगून जाते. टॅपेट थोडे वाजतात ते चालतं. अजिबात आवाज नसणं चांगलं नाही, कारण घट्ट बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही आणि जळतो. गॅस किट लावून फिरलेल्या गाड्यांमध्ये हे ठरलेलं दुखणं आहे. आरसी बुकात सीएनजी किंवा एलपीजीची नोंद दिसली की आम्ही पुढे बघतच नाही.

धूर वाचायला शिकावं. घाट उतरताना गिअरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून गाडी खाली येऊ द्या आणि तळाशी पाय दाबा. निळ्या धुराचा एक भपका निघून बंद झाला तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत. हेड न काढता, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ते बदलता येतात. वेग घेताना सलग निळा धूर राहत असेल तर रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन बांधावं लागणार. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजून घ्यावं: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. या घराण्यातल्या इंजिनांना किमान १३५ पीएसआयच्या आसपास आकडा लागतो, निरोगी इंजिन त्याच्या बऱ्याच वर दाखवतं, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी सिलिंडरमध्ये २८-३० पीएसआयपेक्षा जास्त तफावत नको.

‘दुपारी उन्हात उभी केली की चालूच होत नाही, संध्याकाळी आपोआप होते’ ही तक्रार ऐकली तर पेट्रोल पंपावर खर्च करू नका. डॅशबोर्डखालच्या मेन रिलेच्या आतले सोल्डरचे टाके तडकलेले असतात. गरम झाले की संपर्क सुटतो, पंपाला वीज मिळत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण यायला हवी. तशी ती येत नसेल तर रिले काढून टाके पुन्हा मारून घ्यावेत, किंवा नवा टाकावा. चालता चालता गाडी एकदम बंद पडणं हे मात्र अनेकदा डिस्ट्रिब्युटरचं काम. त्याच्या आत कॉइल आणि इग्नायटर दोन्ही असतात आणि उष्णतेने दोन्ही दगा देतात. डिस्ट्रिब्युटर हेडला जिथे बसतो तिथली ओ-रिंगही गळते. ती किरकोळ बाब आहे. पण टोपीच्या आत ऑइल सापडलं तर शाफ्टचा सील गेलाय आणि बेअरिंगही त्याच वाटेवर असण्याची शक्यता मोठी.

रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जुनी झाली की जोडावर तडकते. ॲल्युमिनियमचं हेड एकदा तापलं तर वाकतं, म्हणून तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला की गाडी तिथेच बाजूला घ्यायची, ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही. कूलंट बदलल्यावर थर्मोस्टॅटजवळचा छोटा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. हवा राहिली तर काटा खालीवर नाचतो आणि लोक विनाकारण थर्मोस्टॅट बदलत बसतात.

आठवणीने जे झाकून ठेवलंय

पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि बहुतेक गाड्यांत ना एबीएस ना एअरबॅग. दारं हलकी, पत्रा पातळ. आजच्या गाडीतून उतरून हिच्यात बसलं की पहिला जोराचा ब्रेक मारताना हे सगळं अंगावर येतं. चाक लॉक झालं की स्टिअरिंग काही ऐकत नाही. पाय थोडा उचलून चाक फिरू द्यायचं ही जुनी सवय पुन्हा अंगी बाणवावी लागते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम इथे तंतोतंत लागू आहे.

सीट खाली, बॉनेट त्याहून खाली, काचा मोठ्या, खांब बारीक. समोरचा रस्ता इतका स्वच्छ दिसणाऱ्या गाड्या आता बनत नाहीत. पण त्याच बुटकेपणामुळे पाच माणसं बसली की गतिरोधकावर सायलेन्सरचा पाइप घासतो. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगखाली स्पेसर घालून गाडी उचललेली असेल तर ते काढून टाकावेत. ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात, सीव्ही जॉइंट (चाक वळतानाही त्याला ताकद पोचवणारे सांधे) लवकर जातात, आणि वळणावर गाडी कलंडू लागते. नवे शॉकर आणि मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा घातल्या की अर्धी तक्रार जाते, कारण बहुतेक गाड्या वयाने बसलेल्या असतात. त्याच वेळी लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरचे बुशही बदलून घ्यावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना ‘कट कट’ आलं तर सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेलं असेल.

गंज हा होंडाच्या त्या काळच्या गाड्यांचा मोठा शत्रू. मागच्या चाकावरच्या कमानीची आतली कड बोटाने चाचपून बघा. बाहेरून रंग छान असतो आणि आत बोट घातलं की पापुद्रे हातात येतात. दारांच्या खालचा पत्रा, स्टेपनी काढून डिकीचा तळ, पुढच्या काचेच्या रबराखालची कड हेही बघावं. मुंबई, कोकण, गोव्यातल्या गाड्यांत हे जास्त आढळतं. शक्यतो पुणे, नाशिक, संभाजीनगरकडची गाडी शोधावी, आणि तिचे आधीचे पावसाळे कुठे गेले ते आरसीवरून काढावं.

तरुण मालकांनी मधल्या काळात हौसेने केलेले बदल हाही एक प्रश्न. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावलेला असतो. आवाज मोठा येतो, पण तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो आणि ट्रॅफिकमध्ये जोर कमी होतो. जाड पाइपच्या सायलेन्सरने खालचा पिकअप मरतो आणि पासिंगच्या वेळी अडचण येते ती वेगळीच. मूळ एअर बॉक्स आणि मूळ सायलेन्सर असलेली गाडी दिसली तर चार पैसे जास्त द्यावेत. हे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत.

पेट्रोल, पासिंग आणि रोजचा वापर

आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं खाली येणारच. निरोगी गाडी शहरात १० ते १२ आणि हमरस्त्यावर १४ च्या आसपास देते असं धरून चालावं. खरा धोका रबराला आहे. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे जुने पाइप इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात आणि जोडांवर पाझरतात, आणि इंजिनाशेजारी पाझरणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल सोसणारे इंजेक्शनच्या दाबाचे पाइप, नव्या क्लिपा, इंजेक्टरच्या ओ-रिंगा आणि फिल्टर हे काम टायमिंग बेल्टबरोबरच उरकावं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. हलक्या वेगात ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सावरून घेतो, पण पाय पूर्ण दाबल्यावर कॉम्प्युटर ठरलेल्या तक्त्यावर चालतो आणि मिश्रण पातळ पडतं. म्हणून इंजेक्टर स्वच्छ आणि प्लग योग्य अंतराचे (१.१ मिलिमीटरच्या आत) असायला हवेत.

व्हीटेकच्या पट्ट्यात गाडी चालवायची तर जागा निवडून. द्रुतगती मार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी, आणि कॅमेरे दोन्हीकडे. पण या गाडीची मजा वेगात कधी नव्हतीच. ताम्हिणीसारख्या घाटात पहाटे, चढाला दुसरा-तिसरा धरून, पन्नास-साठच्या आत ती जितकं देते तितकं आजची दुप्पट ताकदीची ऑटोमॅटिक देत नाही. आताच्या सिटीतही १२१ अश्वशक्तीचं इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. रोज ऑफिसला जायला, कुटुंबासाठी, तीच घ्यावी. तिचा गिअरबॉक्सही चांगला आहे. फक्त जुनीचा हलकेपणा आणि केबलचा तो थेटपणा तिच्यात शोधू नये.

कागदपत्रांत घाई नको. नोंदणीला १५ वर्षं झालेल्या गाडीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं, गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते, आणि ते पाच वर्षांसाठीच मिळतं. शुल्काशिवाय पर्यावरण कर वेगळा, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना शुल्क आणखी जास्त. व्यवहाराआधी हे नूतनीकरण विकणाऱ्याने करून द्यावं अशी अट घालावी. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर. गाडी दुसऱ्या आरटीओतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या सिटी स्वस्तात दिसतात. त्या बघायला जाण्याआधी चलन थकलेलं नाही ना, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का, आणि इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद झाली आहे का, एवढं फोनवरच विचारून घ्यावं. १.३ च्या गाडीवर व्हीटेकचा बिल्ला लावून विकणारे भेटतात. इंजिनाच्या डाव्या-उजव्या टोकांकडे नजर टाकून हेडला लागलेलं व्हीटेक सोलेनॉइड आणि त्याची वायर डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.